गाडी सरळ, पण स्टिअरिंग तिरकं? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा



आजचा संदेश पिकाचा नाही, गाडीचा आहे. आपल्यात बऱ्याच जणांकडे जुनी बोलेरो, ओम्नी, मारुती ८०० किंवा जीप आहे. आल्याची पोती, खताच्या गोण्या आणि घरची माणसं, सगळं त्याच गाडीतून जातं. ऊस हंगामात रात्री समोरून ट्रॉली आली की गाडी झटकन बाजूला घ्यावी लागते, तेव्हा स्टिअरिंगचा भरवसा हवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागत असेल तर त्याची सवय करून घेऊ नका.

*आधी आठवा: कधीपासून?*
▪️ खड्ड्यात आदळल्यावर किंवा चाक बांधावर चढल्यावर एकदम झालं: काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय.
▪️ गॅरेजमधून आणल्यावर झालं: जोडणीत किंवा अलाइनमेंटमध्ये फरक राहिलाय.
▪️ हळूहळू होत गेलं: जॉइंट, बुश झिजलेत.

*१) हवा*
सकाळी टायर थंड असताना चारही चाकांची हवा बघा. किती हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. एका पुढच्या चाकात हवा कमी असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते.

*२) सपाट रस्ता*
पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणारच. म्हणून तपासणी सपाट, मोकळ्या जागी हळू वेगात करा. स्टिअरिंग सैल धरा, सोडू नका. गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे.

*३) फेरे मोजा*
गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला चिकटपट्टी लावा. मग मोकळ्या जागी अगदी हळू चालवत तिथून डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत किती फेरे होतात ते मोजा.
▪️ दोन्हीकडे सारखे: आतली यंत्रणा मध्यावर आहे, फक्त स्टिअरिंगचं चाक तिरकं बसवलंय.
▪️ कमी-जास्त: टाय रॉड वाकलाय किंवा दोन्ही बाजूंना असमान फिरवलाय.

*४) टायरवर हात फिरवा*
तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा, आधी आतून बाहेर आणि मग उलटा फिरवा. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं लागलं, तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली आहेत. अलाइनमेंट लागणार.

*५) हादरा देऊन बघा*
हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं चाक जॅकवर उचला आणि चासीखाली भक्कम ठोकळा ठेवा. *नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.*
▪️ चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खटखट: टाय रॉड एंड.
▪️ वर-खाली धरून हलवल्यावर खटखट: बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

*६) मागचे पाटे विसरू नका*
बोलेरो, ओम्नी, जीप यांना मागे पाटे आहेत. जास्त वजनानं पाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो किंवा यू बोल्ट सैल होतो, आणि मागचा एक्सल एका बाजूला सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि ती सरळ ठेवायला स्टिअरिंग वळवून धरावं लागतं. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. माप सारखं यायला हवं. स्पष्ट फरक असेल तर आधी पाटे दुरुस्त करा, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे वाया.

🔴 *गाडी रस्त्यावर काढू नका*
एका दिवसात स्टिअरिंग बरंच तिरकं झालं, मोकळं फिरायला लागलं किंवा वळताना खटखट वाढली, तर मेकॅनिकला घरी बोलवा. चालत्या गाडीत टाय रॉडचा जॉइंट सुटला की ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

*गॅरेजमध्ये काय सांगायचं?*
✅ आधी झिजलेले जॉइंट बदला, मग अलाइनमेंट.
✅ स्टिअरिंग मध्यावर घट्ट ठेवूनच दोन्ही टाय रॉड जुळवा. पुढे अख्खा एक्सल असलेल्या जुन्या जीपला स्टिअरिंगचा मध्य ड्रॅग लिंकनं जुळवतात.
✅ आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट छापून मागा.
❌ "स्टिअरिंग काढून सरळ बसवतो" याला लगेच हो म्हणू नका. फेरे सारखे आले असतील तरच तो उपाय बरोबर. नाहीतर दुखणं झाकतं, टायर खातच राहतं. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग तर जाणकारानंच काढावं.

माल भरायच्या आदल्या दिवशी निदान हवा आणि पाटे बघून घ्या. घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर हा संदेश त्यांनाही पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, रहिमतपूर