कात्रजच्या मशाली

पुण्याच्या दक्षिणेस कात्रज आहे. एके काळी ते शहराबाहेरचे गाव होते. आज ते शहराचाच एक भाग झाले असून साताऱ्याकडे जाणारी वाहने तेथून रात्रंदिवस धावत असतात. पुढे डोंगर लागतो व त्या डोंगरातून जुना घाट वर चढतो. मराठी भाषेने हा घाट एका वाक्प्रचारात कायमचा जपून ठेवला आहे. कोणी आपल्याला भलतीकडे गुंतवून हातोहात फसविले, तर त्याने आपल्याला 'कात्रजचा घाट दाखविला' असे आपण म्हणतो.

या वाक्प्रचारामागची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. शायिस्तेखान पुण्यास लाल महालात मुक्काम ठोकून बसला होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांनिशी महालात शिरले. खानाची बोटे तुटली, छावणीत एकच कल्लोळ उडाला. आता पाठलाग होणार हे उघड होते. परंतु असे सांगतात, की कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना मशाली बांधून ठेवल्या होत्या. इशारा होताच त्या पेटविण्यात आल्या व बैल डोंगरात उधळले. काळोखात हलणारे ते दिवे पाहून मोगल सैन्य त्यांच्यामागे धावले. महाराज मात्र दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे सुखरूप निघून गेले. घाट चढून गेल्यावर सैनिकांच्या हाती काय लागले? दमलेले बैल!

ही गोष्ट आपण नेहमी महाराजांच्या बाजूने ऐकतो. आज क्षणभर त्या मोगल स्वाराचा विचार करा. त्याला आळशी म्हणता येणार नाही. बिचारा जिवाच्या आकांताने दौडत होता. परंतु कोठे जावयाचे हे त्याने स्वतः ठरविलेच नाही. ते त्या दिव्यांनी ठरविले.

आता त्याच कात्रजमधील आजची एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. सहा वाजले आहेत. एक मुलगी आईचा मोबाईल हातात घेते. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर उद्याचा गृहपाठ कोणता आला आहे, एवढेच तिला पाहावयाचे असते. गृहपाठाच्या खालीच मैत्रिणीने एक गमतीची चित्रफीत पाठविलेली असते. ती यूट्यूबवर उघडते. ती संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. इतक्यात 'टिंग' असा आवाज होतो. इन्स्टाग्रामवर कोणी तरी छायाचित्र टाकलेले असते. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा साडेसात वाजून गेलेले असतात. आणि गृहपाठ वहीत उतरवून घ्यावयाचा तसाच राहिलेला असतो.

या मुलीला दोष देण्याची घाई करू नका. या मशाली विचारपूर्वक पेटविलेल्या असतात. समाजमाध्यमे आपल्याकडून पैसे घेत नाहीत. त्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते. आपण जितका अधिक वेळ पडद्याकडे पाहू, तितक्या अधिक जाहिराती आपल्या डोळ्यांपुढून जातात. पूर्वी संगणकावर एक पान वाचून झाले, की पुढचे पान मागावे लागे. तेवढ्यात, 'आता पुरे' असे मनात येण्यास अवसर मिळत असे. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने पानाला शेवटच नसावा अशी युक्ती काढली. बोट फिरवीत राहावे, खालून नवे येतच राहते. लोकांची सोय व्हावी हा त्याचा हेतू होता. पुढे तिचा परिणाम पाहून त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. मोठी माणसेही या युक्तीला बळी पडतात, मग मुलांचे काय सांगावे! फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या नियमांप्रमाणे तर तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडताच येत नाही. पण घरातील मोठ्यांचा मोबाईल मुलांच्या हाती असतो, हे आपण सर्व जाणतो.

'घटकाभर पाहतो आणि ठेवतो,' असे आपण सहज म्हणून जातो. ही घटका म्हणजे किती? पूर्वी घड्याळे नव्हती, तेव्हा तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी भरून ती बुडाली, की एक घटका झाली. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र होतो. म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. चार माध्यमांवर रोज फक्त घटका-घटकाभर रमले, तर शहाण्णव मिनिटे होतात. वर्षाचा हिशेब मांडला तर ५८४ तास, म्हणजे चोवीस दिवस आणि चोवीस रात्री, वर आणखी आठ तास! एवढा काळ आपण एकदम कोणाला देणार नाही. वाटीत पाणी शिरते त्याचा आवाज होत नाही, म्हणूनच तो जातो.

यावर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक उपाय योजला. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या व धडे मोबाईलवर येऊ लागले. त्या दिवसांत मोबाईलने मुलांचे शिक्षण चालू ठेवले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु शाळा उघडल्या तरी मोबाईल हातातून सुटेना. तेव्हा ग्रामस्थांनी सभा भरविली. काहींनी ही कल्पना प्रथम हसण्यावारी नेली. तथापि ऑगस्ट २०२२ पासून नियम सुरू झाला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि घरोघरचे मोबाईल व दूरदर्शन संच बंद व्हावयाचे. साडेआठला पुन्हा भोंगा, की नियम संपला. त्या दीड तासात मुलांनी वाचावे, लिहावे, घरच्यांशी बोलावे. मला यातील दोन गोष्टी विशेष वाटतात. एक, हा नियम वडीलमाणसांनाही लागू होता. बाबा पडद्याकडे पाहत आहेत आणि मुलगा पुस्तक वाचत आहे, असे तेथे होणार नव्हते. दुसरी, मोबाईलवर कायमची बंदी नव्हती. आरंभ आणि शेवट तेवढे ठरलेले होते.

कात्रजच्या रहदारीत देवळाचा भोंगा कोणाला ऐकू येणार? शहरात प्रत्येक घराला आपला भोंगा आपणच वाजवावा लागेल. स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळही त्यास पुरते. मोबाईल उघडण्यापूर्वी काय पाहावयाचे ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहावे, जशी वाण्याकडे जाताना आपण यादी नेतो. यादीतले झाले, की परतावे. 'टिंग' करणाऱ्या सूचना घरच्यांना विचारून बंद करून ठेवाव्यात. निरोप थोड्या वेळाने वाचला, म्हणून मैत्री तुटत नाही.

बहुतेक नव्या मोबाईलमध्ये कोणत्या माध्यमावर किती वेळ गेला, याची नोंद आपोआप होत असते. येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आठवडाभरात आपला किती वेळ गेला असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आधी कागदावर लिहावा, आजोबांनीसुद्धा. मग मोबाईलमधील नोंद उघडावी, आणि तो आकडा आपल्या आकड्याशेजारी मांडावा.