एकरुखच्या तळ्यांतील झिंगा

प्राणिशास्त्राच्या जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत क्रेफिश नांवाच्या प्राण्यास मोठा मान असे. टॉमस हक्सले यांनीं तर १८८० सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याची आकृति आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर काढीत आलों. प्रत्यक्ष प्राणी मात्र कधीं पाहिला नव्हता. यंदाच्या हिवाळ्यांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही एकरुखच्या तळ्याकांठीं गेलों. आदिला नदीस बांध घालून १८७१ सालीं झालेलें हें तळें शहराच्या उत्तरेस असून लोक त्यास हिप्परग्याचें तळें म्हणतात.

तारेच्या कड्यांस मच्छरदाणीचें कापड शिवून जाळीं केलीं होतीं. शिवाय पांढऱ्या थाळ्या, दोन भिंगें व एक वही. नियम दोनच : गुडघ्याच्या वर पाणी येईल तेथें कोणी जाऊं नये, आणि जें पाहिलें तेंच वहींत लिहावें.

पहिला नियम सर्वांनीं पाळला. अर्ध्या तासानें वही पाहतों तों तींत ‘क्रेफिश, एक’ अशी नोंद ! लिहिणारा थाळी घेऊन आला. “सर, आकृतींतल्यासारख्याच नांग्या आहेत.”

तेथेंच, कांठावर बसून, आम्हीं सर्वांस पाय मोजावयास सांगितले. चालण्याच्या पायांच्या जोड्या दोन्ही प्राण्यांस पांचच. परंतु क्रेफिशच्या पहिल्या तीन जोड्यांस चिमटे असतात व त्यांत पहिली जोडी सर्वांत थोर. थाळींतील प्राण्याच्या दोनच जोड्यांस चिमटे होते, आणि लांब होती ती दुसरी जोडी. तेव्हां हा गोड्या पाण्यांतील झिंगा. क्रेफिश युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर येथें आहे. आपल्या देशांतील नद्यांचा व तळ्यांचा तो मूळचा रहिवासी नव्हेच. आदामानें प्राण्यांस नांवें दिलीं तीं प्राणी समोर असतां. आमच्या विद्यार्थ्यानें नांव आधीं घेतलें आणि मग प्राणी शोधला. दोष त्याचा थोडा, आमच्या फळ्याचा अधिक.

तो नोंद खोडून टाकूं लागला, तेव्हां आम्हीं त्यास थांबविलें. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारावी, म्हणजे तो वाचतां येईल, आणि पुढें ‘झिंगा’ लिहून कारण द्यावें, असें सांगितलें.

मग शिंपले, गोगलगायी, पाणविंचू अशी बरीच मंडळी थाळ्यांत आली. पोटाखालीं अंडीं धरलेली एक झिंग्याची मादी आली, तिला लागलीच पाण्यांत सोडिली. सर्वांत अधिक गर्दी झाली ती चतुराच्या अळीभोंवतीं. तिचा खालचा ओंठ तोंडाखालीं दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यांत येतांच ती तो हातासारखा पुढें फेंकते. डासाची एक अळी थाळींत सोडतांच नाहींशी झाली. तीच चतुराची अळी मागील द्वारानें पाणी आंत घेऊन श्वास घेते, आणि काडीनें डिवचली असतां तें पाणी जोरानें बाहेर टाकून पुढें झेंपावते. हें पाहण्यासाठीं तिला इतक्यांदा डिवचण्यांत आलें कीं शेवटीं आम्हांस थाळी काढून घ्यावी लागली.

निघतांना वही पुनः चाळली. खेकड्यांच्या सदरांत शेवटची ओळ अशी होती : ‘चिखलांत बिळें सात, खेकडा दिसला नाहीं.’ अक्षर त्याच विद्यार्थ्याचें होतें.