मापाखालचा दिवा

शास्त्रपाठ : मत्तय ५:१–१६, ६:१–१८, याकोब २:१–९.
पाठ करण्याचे वचन : मत्तय ५:१६.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आपल्या शिष्यांस दोन आज्ञा दिल्या आहेत, आणि वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. पाचव्या अध्यायात तो सांगतो की, तुमची सत्कर्मे लोकांच्या दृष्टीस पडावीत. सहाव्या अध्यायात तोच सांगतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. मग खेड्यातील ख्रिस्ती मनुष्याने आपला विश्वास दाखवावा की झाकावा? ह्याचा उलगडा न झाल्यामुळे आपल्यापैकी कित्येक जण जे झाकावयाचे ते मिरवितात आणि जे दिसावयाचे ते झाकून ठेवितात.

(१) काय झाकावे? सहाव्या अध्यायात प्रभू तीन कृत्यांविषयी बोलतो : दानधर्म, प्रार्थना व उपवास. ही करणाऱ्यास लोक लागलीच धार्मिक म्हणू लागतात. ह्यास्तव तेथे दंभाचा धोका मोठा आहे, आणि म्हणूनच ती देवासमोर गुप्तपणे करावी असे प्रभू शिकवितो.

(२) काय दिसावे? प्रकाशाविषयीच्या वचनांच्या अगोदर प्रभू कोणास धन्य म्हणतो ते पाहा. सौम्य, दयाळू, नीतिमत्त्वाचे भुकेले, समेट करणारे, ह्यांस तो धन्य म्हणतो. आता दार लावून एकट्याने समेट कसा करावा? दया कोणावर करावी? ही कृत्ये शेजाऱ्याशीच घडतात; ती घडली म्हणजे दिसणारच. ती दिसत नसतील, तर बहुधा ती घडतच नाहीत.

(३) दिव्यावर काय झाकण पडते? दिवा लावून कोणी मापाखाली ठेवीत नाही, असे प्रभू म्हणतो. येथील मूळ ग्रीक शब्द धान्य मोजण्याच्या भांड्याचा आहे. त्यात सुमारे ९ लिटर धान्य मावत असे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी खळ्यावर जशी पायली असे, तसेच ते समजा. प्रभूच्या दृष्टांताचा अर्थ सरळ आहे : दिवा प्रकाशासाठी असतो. तथापि आपल्या मंडळ्यांकडे पाहता मनात येते की, पुष्कळांचा दिवा खरोखरच मापानेच झाकला गेला आहे.

एक माप बाजारातले. आपल्या देशात १९५८ पासून मेट्रिक वजने सुरू झाली. शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. परंतु लेवीय १९:३५–३६ मधील खऱ्या मापांची आज्ञा जुनी झाली नाही. दुधात पाणी घालणे, गोणीत वर निवडक कांदा भरून खाली चिंगळी दडविणे, निंदणीला आलेल्या बाईची मजुरी आज-उद्या करीत लांबविणे, बचत गटाचा हप्ता चुकवून रविवारी मोठ्याने गाणे, ह्या गोष्टी गावाला ठाऊक असतात. गाव आपले उपदेश ऐकावयास येत नाही. ते आपला तराजू पाहते.

दुसरे माप माणसांचे. बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या, तरी सोयरीक ठरविताना अमक्याचे पूर्वज कोणत्या वाड्यातले, हे आपण हळूच विचारतोच ना? याकोबाच्या मते पक्षपात हे पाप आहे. जी मंडळी प्रभुभोजनास एकत्र बसते आणि लग्नाच्या पंगतीत वेगळी होते, तिने कितीही उंच घुमट बांधला तरी तिचा दिवा पायलीखालीच राहील.

(४) प्रकाश प्रथम कोठे पडावा? दिवा घरातील सर्वांस प्रकाश देतो, असे वचन आहे. पालेस्टाईनातील गरिबांचे घर बहुधा एकाच खोलीचे असे. एक लहानसा मातीचा दिवा तितक्यास पुरे. म्हणून आरंभ आपल्या घरापासून व्हावा. सुनेला, म्हाताऱ्या आईला, शाळा सोडवून गुरांमागे पाठविलेल्या मुलीला ह्या प्रकाशाचा काही लाभ होतो काय?

(५) एक उदाहरण. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व तरुण विधवा आणिल्या आणि केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. निरनिराळ्या जातींच्या त्या मुली एका छपराखाली राहिल्या व हाताने काम करून पोट भरावयास शिकल्या. रमाबाईंच्या मतांशी ज्यांचे जमत नव्हते, त्यांसही ते काम दिसल्यावाचून राहिले नाही. आपल्याजवळ तेवढे सामर्थ्य नसेल. पण आपल्या वस्तीत एखादे उपाशी दार असेलच.

(६) कसोटी. दिवा स्वतःकडे पाहावयास सांगत नाही. त्याच्या उजेडात घर दिसते. तेव्हा कोणतेही कृत्य करताना एवढेच विचारावे : ह्याने माझे नाव होते, की शेजाऱ्याचे हित होऊन त्याचे मन स्वर्गातील पित्याकडे वळते? पहिले असेल तर ते झाकावे. दुसरे असेल तर भिऊन किंवा लाजून झाकू नये.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. मत्तय ५ व ६ ह्यांतील दोन आज्ञांचा मेळ कसा बसतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. आपल्या गावात ख्रिस्ती माणसाच्या शब्दावर उधार मिळते काय? नसल्यास का?
३. ह्या आठवड्यात कोणाची मजुरी, कर्ज किंवा क्षमा देणे बाकी आहे? शनिवारच्या आत ते देऊन मगच उपासनेस यावे.