उघडा कोड, झाकली किल्ली

प्रश्न : निवृत्तीनंतर मी मुलाकडे नोएडाला राहायला आलो. सून गुरुग्रामच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. क्रिप्टोच्या नेटवर्कशी जोडून देणाऱ्या कुठल्याशा ‘लायब्ररी’वर तिचं काम चालतं. ही लायब्ररी म्हणे फुकट मिळते आणि तिचा कोड जगात कोणीही वाचू शकतो. मग त्यातले पैसे सुरक्षित कसे? शिवाय परवा ती फोनवर म्हणत होती, ‘मुंबई बंद झाल्यापासून आम्ही अमॉयवरच टेस्ट करतो.’ हा काय प्रकार आहे? आणि हे सगळं कायद्यात बसतं का?
— एक वाचक, नोएडा

उत्तर : मुंबई जागच्या जागी आहे, काळजी नसावी. पॉलिगॉन नावाच्या नेटवर्कची एक सरावाची आवृत्ती होती, तिचं नाव ‘मुंबई’. ती एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी ‘अमॉय’ आली. तिथली नाणी फुकट मिळतात, बाजारात त्यांना दमडीची किंमत नसते. नवा कोड आधी तिथे चालवून पाहायचा, हातून चूक झाली तरी कोणाचं काही बुडत नाही.

पॉलिगॉन तुमच्या दिल्ली परिसराला परकं नाही. २०१७ साली जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते ‘मॅटिक’ या नावाने सुरू केलं. यातले नेलवाल दिल्लीत वाढले, रोहिणीच्या महाराजा अग्रसेन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. या नेटवर्कसाठी ‘मॅटिक-जेएस’ नावाची लायब्ररी आहे. त्याहून जास्त पसरलेली ‘ईथर्स-जेएस’, जी रिचर्ड मूर यांनी २०१६ मध्ये लिहायला घेतली. तुमची सून बहुधा यांपैकीच एखादी वापरत असावी.

आता लायब्ररी करते काय ते पाहू. दिल्लीच्या तीस हजारी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आपण आपलं म्हणणं सांगायचं, ते कोर्टाला चालेल अशा नमुन्यात अर्ज बसवून देतात. निकाल त्यांच्या हातात नसतो आणि दाव्यातली मालमत्ताही त्यांच्याकडे नसते. लायब्ररीचं काम असंच आहे. ‘या पत्त्यावर इतकी नाणी पाठव’ असं सुनेच्या प्रोग्रामने एका ओळीत सांगायचं. पाठवणाऱ्याच्या व्यवहाराचा अनुक्रमांक, शुल्क, रकमेतली शून्यं हे सगळं लायब्ररी नेटवर्कला समजेल अशा रूपात मांडते आणि पुढे पोचवते. व्यवहार मान्य करायचा की नाही, हे जगभर पसरलेले नेटवर्कचे संगणक ठरवतात. नाणी लायब्ररीत नसतातच, त्यांची नोंद नेटवर्कच्या खातेवहीत असते.

एक फरक मात्र मोठा आहे. कोर्टाबाहेरचा टाइपिस्ट तुमची सही करत नाही. लायब्ररी करते. खातेदाराची खासगी किल्ली म्हणजे एक अगडबंब गुप्त संख्या. बऱ्याचदा ती लायब्ररीच्या हाती दिली जाते आणि लायब्ररी तिच्या जोरावर व्यवहारावर सही उमटवते. ती संख्या दुसऱ्या कोणाला कळली, की त्या खात्यातली नाणी त्याचीच. बँकेसारखी तक्रार करून व्यवहार उलटवता येत नाही.

म्हणून तुमचा ‘सुरक्षित कसे?’ हा प्रश्न कोडपेक्षा किल्लीला लागू पडतो. यंत्रणा शत्रूला पूर्ण ठाऊक असली तरी फक्त किल्ली गुप्त राहिल्याने निरोप सुरक्षित राहावा, असं ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाबद्दल १८८३ मध्येच मांडलं होतं. क्रिप्टोच्या लायब्रऱ्या त्याच तत्त्वावर उभ्या आहेत. कोड उघडा असल्याने कोणीही तो तपासू शकतो, आणि ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्या बंद कोडपेक्षा मला तो केव्हाही बरा वाटतो.

पण ‘कोणीही तपासू शकतो’ आणि ‘कोणीतरी तपासलंय’ यांत अंतर असतं. लिबबिटकॉइन नावाच्या जुन्या मुक्त प्रकल्पातल्या एका आज्ञेने किल्ली तयार करता येत असे. किल्लीसाठी लागणारी यादृच्छिक संख्या ती संगणकाच्या घड्याळावरून काढत होती आणि त्यामुळे एकूण शक्यता जेमतेम ४२९ कोटी उरत होत्या. आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण संगणक त्या सगळ्या एकेक करून तपासू शकतो. चोरांनी तेच केलं. जुलै २०२३ मध्ये अनेकांची खाती रिकामी झाली, तेव्हा हा दोष उजेडात आला. कोड तोवर कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

दुसरा किस्सा याहून वाईट. एक्सआरपी नेटवर्कची अधिकृत लायब्ररी एक्सआरपीएल-जेएस. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या काही नव्या आवृत्त्या अचानक आल्या. त्यांत किल्ली तपासण्याचं सोंग करणारं एक छोटंसं फंक्शन होतं आणि ते किल्ली गुपचूप बाहेर धाडत होतं. गिटहब या कोड मांडून ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा मूळ कोड स्वच्छ होता. भेसळ झाली ती एनपीएमवर, म्हणजे जिथून प्रोग्रामर तयार पॅकेज उचलतात त्या कोठारात. एका सुरक्षा कंपनीच्या लक्षात ते लवकर आलं, आणि दुरुस्त आवृत्ती पाठोपाठ निघाली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना नेटवर्कच्या लायब्ररीवरही याच धाटणीचा हल्ला झाला होता. दोन्ही वेळा मूळ कोड वाचत बसलेल्याला काहीच सापडलं नसतं.

तेव्हा सुनेला विचारायचंच असेल तर दोन गोष्टी विचारा. लायब्ररीची नवी आवृत्ती तुमच्याकडे आपोआप घेतली जाते, की ठरावीक आवृत्ती पक्की करून, पाहून मगच बदलली जाते? आणि खऱ्या पैशांची किल्ली प्रोग्रामच्या फाइलमध्ये आहे, की वेगळ्या उपकरणात, जिथे सही होते पण किल्ली बाहेर येत नाही? ती हसेल कदाचित, पण प्रश्न तिच्या ऑफिसात विचारण्याजोगे आहेत.

कायद्याचं थोडक्यात. क्रिप्टोच्या व्यवसायांना बँकसेवा देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. हा कर क्रिप्टो विकणाऱ्याला लागतो. लायब्ररी वापरून प्रोग्राम लिहिण्यावर भारतात बंदी नाही.

हे सारं सट्टेबाजांसाठीच आहे, असं तुम्हाला वाटू शकेल. सट्टा भरपूर आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचं उदाहरण ऐका. २०२२ मध्ये तिथल्या प्रशासनाने ‘लेजिटडॉक’ या सेवेच्या मदतीने सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची पडताळणी पॉलिगॉनवर नेण्याचं काम हाती घेतलं. अशा पद्धतीत दाखल्यातल्या मजकुरापासून गणिताने काढलेला एक छोटा ठसा नेटवर्कवर नोंदवायचा असतो. दाखल्यात एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही, त्यामुळे नोकरी देणाऱ्या कार्यालयाला खरं-खोटं तपासायला तहसीलशी पत्रव्यवहार करत बसावं लागत नाही. अर्थात दाखला देतानाच कोणी चुकीची माहिती भरली, तर नेटवर्क ती चूकही तितक्याच इमानाने जपून ठेवेल.