मुकादमाच्या वहीतली गोष्ट

प्रश्न : मी तेलगावचा. ऊसतोडीवर कथा लिहितोय. निवेदनही आमच्या बोलीतच ठेवलं, तर वाचक कंटाळतील असं मित्र म्हणतात. धाडस करू का?

उत्तर : करा. आनंद यादवांनी ‘गोतावळा’ (१९७१) ही अख्खी कादंबरी नारबा या गड्याच्या तोंडून, त्याच्याच बोलीत सांगितली. ट्रॅक्टर येतो, जनावरं एकेक करून जातात. ते नारबाच्या भाषेमुळेच अंगावर येतं. वाचक बोलीला कंटाळत नाही, बोलीच्या प्रदर्शनाला कंटाळतो. (चार शिव्या पेरल्या की कथा ग्रामीण झाली, हा समज मात्र सोडा.)

मला काळजी वाटते ती विषयाची. कोपी, पाचट, पहाटेची थंडी हे सगळं वाचकानं बऱ्याचदा वाचलंय. त्यापेक्षा टोळी नेणाऱ्या मुकादमाची वही आठवा : उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, खाडे किती, फिटली किती, बाकी किती. सगळी कथा अशा नोंदींतूनच लिहून पाहा. एका हंगामात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’; पुढच्या हंगामात त्याच नावापुढे ‘अर्धा कोयता’. मधे काय घडलं ते सांगू नका. पहिला खर्डा कोरडा वाटेल. घाईनं त्यात संवाद घुसडू नका.