संत्रा सरबताच्या बाटल्या : फिरता टेबल, रांग आणि सरळ लेबल

विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वरुड-मोर्शी भागात, तसेच अचलपूर, चांदूर बाजार आणि अकोला जिल्ह्यातील अकोटकडे आंबिया व मृग असे दोन्ही बहार घेतले जातात. भाव पडला की लहान आकाराच्या फळांना बाजारात कोणी विचारत नाही. अशा फळांचे स्क्वॅश किंवा सरबत करून विकावे, या विचाराने अनेक शेतकरी गट आणि महिला बचत गट या धंद्याकडे वळतात.

रस काढणे व सरबत करणे प्रशिक्षणात शिकता येते. अडचण येते ती पुढे, बाटली भरताना. भरण्याचे यंत्र घेतले जाते, पण बाटल्या त्याच्यापर्यंत एकसारख्या पोचत नाहीत. काही आडव्या पडतात, काही अडकतात, लेबल तिरपे लागते. दुकानदार तिरप्या लेबलाची बाटली मागच्या रांगेत ठेवतो किंवा परत पाठवतो. आतला माल चांगला असूनही नुकसान होते. म्हणून बाटली फिरवून, रांगेत लावून, तिचे तोंड एका बाजूला करणारी साधने कशी चालतात आणि त्यांपैकी आपल्याला कोणती लागतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

तिफणीचे उदाहरण

शेतकरी बंधू-भगिनींना हे तत्त्व नवे नाही. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई ढिगातले बी एकेक करून सोडते. मूठ सैल झाली की बी दाट पडते आणि नळे तुंबतात. तिरप्या तबकडीच्या पेरणी यंत्रात हेच काम तबकडीची भोके करतात. एका भोकात एकच दाणा बसतो व ठरावीक अंतरावर पडतो. बाटल्यांच्या रांगेतही हेच घडवायचे असते. ढिगातून एकेक बाटली काढणे, दोन बाटल्यांत सारखे अंतर ठेवणे आणि प्रत्येकीचे तोंड एकाच बाजूला करणे, ही तीन कामे आहेत. प्रत्येक कामाचे साधन वेगळे आहे.

१. फिरता टेबल

यालाच यंत्र विक्रेते टर्न टेबल म्हणतात. गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची गोल तबकडी, कडेला कठडा आणि एका जागी बाहेर पडण्याची वाट, एवढीच त्याची रचना आहे. कामगार मध्ये बाटल्या उभ्या करतो. तबकडी फिरते तशा बाटल्या कडेकडे सरकतात व कठड्याला लागून एका रांगेत बाहेर पडतात.

९० सें.मी. व्यासाच्या टेबलावर ७.५ सें.मी. व्यासाच्या सुमारे ९० बाटल्या मावतात. मिनिटाला १० बाटल्या लागत असतील, तर एकदा भरलेले टेबल ९ मिनिटे पुरते. तेवढ्या वेळात तीच व्यक्ती खोकी उघडण्याचे किंवा बाटल्या तपासण्याचे काम करू शकते.

टेबल वेगाने फिरवू नये. मिनिटाला ३ ते ४ फेरे पुरेसे होतात. पुढे रांग थांबली की बाटली जागीच राहते आणि तबकडी तिच्या खालून घसरत जाते. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत व स्वच्छ हवा. सरबत चिकट असते. ते सांडून वाळले की बाटलीचा तळ चिकटतो आणि ती कोलमडते. काम संपताच टेबल कोमट पाण्याने धुवावे. मुंग्याही लागत नाहीत.

२. मार्गदर्शक पट्ट्या

टेबलाकडून भरण्याच्या यंत्राकडे जाताना पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कठडे असतात. ते लावताना पुढील काळजी घ्यावी.

(अ) दोन कठड्यांतील अंतर बाटलीच्या व्यासापेक्षा ३ ते ५ मि.मी. जास्त ठेवावे. फार सैल ठेवल्यास बाटल्या नागमोडी होतात, घट्ट ठेवल्यास अडकतात.

(आ) दीड बाटली मावेल अशी वाट कोठेही राहू देऊ नये. तेथे दोन बाटल्या एकमेकींना रेटून कमान करतात आणि मागची सर्व रांग थांबते. मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढी अडते तसाच हा प्रकार आहे.

(इ) कठडा फार खाली नको. बाटलीच्या मध्याच्या आसपास आधार मिळाला की ती डोलत नाही. उंच बाटलीला खाली एक व वर एक असे दोन कठडे द्यावेत.

(ई) पट्टा खालून ओढतो आणि पुढची बाटली अडवते, अशा वेळी खरखरीत पट्ट्यावरची बाटली घसरत नाही, आडवी होते. बाटल्या पडू लागल्या की आधी पट्टा पुसून पाहावा.

३. अंतर राखणारी साधने

रांगेतल्या बाटल्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. स्वयंचलित यंत्राला त्यांत ठरावीक अंतर लागते. त्यासाठी दोन साधने वापरतात. पहिले म्हणजे आटेदार दांडा. त्याचे आटे पुढे पुढे रुंद होत जातात आणि दांड्याच्या एका फेऱ्याला एक बाटली पुढे जाते. दुसरे म्हणजे तारा-चाक. त्याच्या कडेला बाटलीच्या मापाच्या अर्धगोल खाचा असतात. सहा खाचांचे चाक मिनिटाला ५ फेरे फिरले की ३० बाटल्या सुटतात. पेरणी यंत्राची तबकडी ती हीच.

येथे एक गोष्ट विसरू नये. हरभऱ्याची तबकडी ज्वारीला चालत नाही, तसे एका मापाचे तारा-चाक दुसऱ्या बाटलीला चालत नाही. संत्र्याला एक बाटली, लिंबाला दुसरी, लोणच्याला तिसरी बरणी घेतली की दर मापासाठी वेगळे चाक व वेगळा दांडा विकत घ्यावा लागतो. शक्य तेथे सर्व सरबतांना एकाच व्यासाची बाटली ठेवावी आणि फरक लेबलाच्या रंगाने दाखवावा.

४. बाटलीचे तोंड एका बाजूला करणे

चौकोनी किंवा चपट्या बाटलीची बाजू कठड्यामुळे आपोआप लागते. गोल बाटलीला पुढची-मागची बाजू नसते, त्यामुळे एकच लेबल असल्यास प्रश्न येत नाही. बाटली रूळ व पट्टा यांच्यामध्ये फिरते आणि लेबल तिच्याभोवती गुंडाळले जाते. पुढे एक व मागे एक अशी दोन लेबले असली, किंवा काचेवर नक्षी असली, की बाटली नेमक्या जागी थांबवावी लागते. त्यासाठी तळाशी लहान खाच असलेली बाटली घेतात. बाटली फिरत असताना स्प्रिंगची खिट्टी त्या खाचेत बसते आणि फिरणे थांबते. मोठ्या कारखान्यांत विजेचा डोळा बाटलीवरील खूण पाहून तिला थांबवतो.

लहान गटाने दोन लेबलांच्या फंदात पडू नये. सर्व मजकूर एकाच लेबलावर घ्यावा. ते हाताने सरळ लावण्यासाठी गावातला सुतार पुढीलप्रमाणे साचा करून देऊ शकतो. लाकडी ठोकळ्यात बाटली आडवी बसेल अशी उतरती खाच करावी. एका टोकाला बाटलीचा तळ टेकेल अशी फळी ठोकावी. लेबलाची खालची कड जेथे यावी तेथे ठोकळ्यावर रेघ मारावी. बाटली खाचेत ठेवून तळ फळीला टेकवावा, लेबलाची कड रेघेला लावावी आणि बाटली फिरवत नेऊन लेबल चिकटवावे. प्रत्येक लेबल एकाच उंचीवर येते.

लेबल वाचता येणे ही कायद्याचीही गरज आहे. १९५५ चा फळ उत्पादन आदेश आता लागू नाही. २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालील नियम लागू आहेत. परवाना किंवा नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ माप, बॅच क्रमांक, तारीख व कमाल किंमत हे सुरकुतीत किंवा जोडाखाली जाता कामा नये.

बाटली उलटी करणे

काचेची बाटली धुताना उलटी धरावी लागते, म्हणजे पाणी व कचरा निथळतो. सुमारे ८५ अंश सेल्सिअस तापमानाला गरम रस भरल्यास बूच लावून बाटली २ ते ३ मिनिटे आडवी किंवा उलटी ठेवतात. त्या उष्णतेने बुचाची आतली बाजू निर्जंतुक होते. काचेची बाटली आधी कोमट केलेली असावी, नाहीतर तडकते. साध्या पेट बाटलीत इतका गरम रस भरू नये, ती आकसते व तिचा आकार बिघडतो. रोज काही शे बाटल्यांसाठी जाळीचा क्रेट पुरतो. बाटल्या भरलेला क्रेट दोघांनी धरून उलटा करावा.

आधी हिशेब, मग यंत्र

समजा, चार तोट्यांचे भरण्याचे यंत्र आहे. चार बाटल्या भरण्यास १६ सेकंद व बदलण्यास ८ सेकंद लागतात. म्हणजे २४ सेकंदांत ४, मिनिटाला १० आणि तासाला ६०० बाटल्या. हाताने एक लेबल लावण्यास १२ सेकंद लागत असतील, तर एक व्यक्ती मिनिटाला ५ लेबले लावते. अशा दोन व्यक्ती बसल्या की रांग बरोबर चालते. सर्वांत संथ कामाचा जो वेग, तोच सर्व रांगेचा वेग.

आता ढिगातून बाटल्या आपोआप उभ्या करणाऱ्या यंत्राचा विचार करू. एक व्यक्ती दोन सेकंदांत एक बाटली सहज उभी करते, म्हणजे मिनिटाला ३०. आपली गरज १० ची. मग ते महागडे यंत्र कशाला? बहार काही आठवड्यांचा असतो, कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने चालू राहतात. विद्यापीठाच्या पीकेव्ही मिनी डाळ मिलचा खेड्यापाड्यांत प्रसार झाला, तो ती गावाच्या गरजेच्या मापाची होती म्हणून. बाटलीच्या रांगेलाही हाच नियम लावावा. पहिल्या हंगामात फिरता टेबल, कठडे व लाकडी साचा एवढ्यावर काम भागते. मागणी वाढून हाताला उरक होईनासा झाला, तरच तारा-चाक व लेबल यंत्राकडे वळावे.

खरेदीपूर्वी हे करा

१. कृषि प्रदर्शनात विक्रेता स्वतःच्या बाटल्यांवर यंत्र चालवून दाखवतो. आपण आपल्या ५० रिकाम्या बाटल्या सोबत न्याव्यात आणि यंत्र अर्धा तास चालवून पाहावे. किती पडल्या, किती अडल्या ते लिहून ठेवावे.

२. बाटली निवडताना फळीची चाचणी घ्यावी. फळीवर सँडपेपर लावून दोन प्रकारच्या रिकाम्या बाटल्या ठेवाव्यात व फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. जी नंतर पडेल ती घ्यावी.

३. मोटर एक फेजवर चालते का, वीज गेल्यास टेबल हाताने फिरवता येते का, हे विचारावे.

४. बेअरिंग, पट्टा व मोटर अमरावती किंवा अकोल्यात मिळतात का, याची खात्री करावी. बहारात एक सुटा भाग आठ दिवस आला नाही, तर फळ थांबत नाही.

सुरक्षितता

फिरणाऱ्या टेबलाजवळ काम करताना साडीचा पदर व ओढणी खोचून घ्यावी, बांगड्या काढून ठेवाव्यात. पट्टा, साखळी व दातेरी चाकांवर जाळीचे झाकण असावे. बंद करण्याचे लाल बटन काम करणाऱ्या व्यक्तीच्या हाताशी हवे, भिंतीवर दूर नको. अडकलेली बाटली यंत्र बंद केल्याशिवाय काढू नये. काच फुटल्यास रांग थांबवून जवळच्या सर्व उघड्या बाटल्या बाजूला काढाव्यात. त्या भरून विकू नयेत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या बहाराआधी एक दिवस घड्याळ घेऊन आपल्या रांगेत उभे राहा आणि प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. कोणते साधन घ्यायचे, ते त्या पानावरून कळेल.