आधी आकृती, मग सूत्र

विज्ञानाचे नियम तुम्हांला तोंडपाठ असतात. पण परीक्षेत उदाहरण समोर आले की गोंधळ उडतो. सूत्र आठवते, पण त्यात कोणती संख्या घालायची हे कळत नाही.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. दुसऱ्या नियमाचे सूत्र आहे : बल = वस्तुमान × त्वरण. उर्दूत आपण यांना कुव्वत, कमियत आणि इसराअ म्हणतो. येथे बल म्हणजे वस्तूवरील सर्व बलांचे मिळून होणारे परिणामी बल होय.

एक उदाहरण पाहू. फळांनी भरलेल्या हातगाडीचे वस्तुमान १०० किलोग्रॅम आहे. फळवाला सपाट रस्त्यावर ती ६० न्यूटन बलाने ढकलतो. घर्षणाचे बल २० न्यूटन आहे. थांबलेल्या गाडीचा वेग ५ सेकंदांनंतर किती होईल?

पुष्कळ मुले लगेच ६० ला १०० ने भागतात. तसे करू नका. आधी गाडीची आकृती काढा आणि प्रत्येक बल बाणाने दाखवा. वजन खाली आणि रस्त्याचा आधार वर. ही दोन्ही बले समान असल्याने एकमेकांना तोलतात. पुढे ६० आणि मागे २०, म्हणजे परिणामी बल ४० न्यूटन. आता भागा. त्वरण ०.४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ५ सेकंदांनंतरचा वेग ०.४ × ५ = २ मीटर प्रति सेकंद.

उत्तर पडताळून पाहा. हा वेग ताशी ७.२ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा आहे. उत्तर पटण्यासारखे आहे. ते २०० आले असते, तर चूक लगेच लक्षात आली असती.

आता फळवाल्याने जोर कमी करून २० न्यूटन केला, तर गाडी थांबेल का? नाही. परिणामी बल शून्य झाले, म्हणून त्वरणही शून्य झाले. गाडी त्याच वेगाने चालत राहील. हाच न्यूटनचा पहिला नियम. त्याचा २० न्यूटनचा जोर केवळ घर्षणाला तोलण्यात खर्च होतो.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा : वाचा, आकृती काढा, बले दाखवा, सूत्र वापरा, उत्तर पडताळा.

स्वाध्याय
१. आकृतीत कोणकोणती बले दाखवली आहेत?
२. वेग २ मीटर प्रति सेकंद असताना फळवाल्याने ढकलणे थांबवले, तर गाडी किती सेकंदांत थांबेल? आकृती काढून सोडवा.